नवीन नेमबाजांसाठी: परवडणारी गोळी कशी निवडायची, छर्ऱ्यापासून ५० मीटरच्या .२२ पर्यंत

पॅरिसला २०२४ मध्ये आपल्या शेजारच्या राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये (गुडघ्यावर, झोपून आणि उभं राहून मारायचा प्रकार) ब्राँझ घेतलं, तेव्हापासनं बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी सगळीकडची पोरं विचारायलेत की दादा रायफल शिकायची आहे, स्वस्तातली गोळी कुठली घेऊ. प्रश्न चांगला आहे, खरं जरा उलटा आहे. गोळीचं नाव सगळ्यात शेवटी येतंय. आधी अंतर ठरवायचं, मग कायदा बघायचा, मग आपल्याच रायफलीत टेस्ट करायची आणि मग एकदाच भरपूर घ्यायची. हा क्रम पाळला तर साध्या दर्जाच्या गोळीवर वर्ष-दोन वर्षं आरामात निघत्यात. क्रम चुकला तर दर महिन्याला नवा बॉक्स, नवा ब्रँड, आणि स्कोर तिथल्या तिथं.

आधी अंतर ठरवा

मोबाईलवर हजार यार्डाचे व्हिडिओ बघून लाँग रेंजचं वेड लागतंय हे मला माहीत आहे. खरं आपल्याकडं साध्या नागरिकाला रीतसर मिळणारं लांब अंतर म्हणजे ५० मीटर, .२२ रायफल. ३०० मीटरचा प्रकार जगात आहे, वर्ल्ड चॅम्पियनशिपला होतो, पण ऑलिम्पिकमधून तो १९७२ नंतर गेला आणि त्याला लागणारी रेंज आणि मोठ्या बोअरची (बोअर म्हणजे नळीच्या भोकाचा व्यास) गोळी दोन्ही नवशिक्याच्या आवाक्यातली नाहीत. बेळगावच्या कॅम्पात मराठा लाइट इन्फंट्रीचं सेंटर आहे, तिथला फायरिंगचा आवाज आपण लहानपणापासून ऐकतोय, पण ती फौजेची जागा, ती आपली नव्हे. आणि घरात कोणी माजी सैनिक असतील तर त्यांच्या गोष्टीतली .३०३ किंवा ७.६२ गोळी डोक्यातनं काढून टाका, ती प्रोहिबिटेड बोअर आहे, लायसनवर साध्या माणसाला मिळत नाही.

५० मीटर म्हणजे जवळ असं वाटत असेल तर एक आकडा बघा. ५० मीटरच्या टार्गेटवर दहाचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं असतंय. तेच प्रमाण एक किलोमीटरवर नेलं तर साधारण २१ सेंटीमीटरचं वर्तुळ होईल. आता किलोमीटरवर एवढ्याशा वर्तुळात साठपैकी साठ गोळ्या घालायच्या म्हटलं तर काय होईल विचार करा. तेजस्विनी सावंतनं २०१० मध्ये म्युनिकला ह्याच अंतरावर प्रोनमध्ये, म्हणजे पालथं झोपून मारायच्या प्रकारात, ६०० पैकी ५९७ मारून वर्ल्ड चॅम्पियनशिप जिंकली, तीही कोल्हापूरची, म्हणजे आपल्यापासनं दोन-अडीच तासांवरची. तर ५० मीटरला कमी समजू नका.

आणि त्याच्याही आधी १० मीटर एअर रायफल. लई जणांना हे पोरकट वाटतंय, खरं खर्चाच्या दृष्टीनं ह्यासारखी शाळा नाही. एक छर्रा .२२ च्या एका गोळीच्या मानानं अगदी किरकोळ पैशात पडतो, लायसन लागत नाही, आणि ट्रिगर, श्वास, पोझिशन, फॉलो थ्रू (गोळी सुटल्यावरही तसंच धरून राहणं) हे सगळं तेच. म्हणून हा लेख छर्ऱ्यापासून सुरू करतोय.

कायदा, थोडक्यात पण नीट

आर्म्स अॅक्ट १९५९ आणि आर्म्स रूल्स २०१६ ही दोन नावं लक्षात ठेवा. एअर रायफल .१७७ म्हणजे ४.५ मिलिमीटर बोअरची आणि २० ज्यूलच्या आतली असेल तर लायसन लागत नाही. बोअर त्याच्यापेक्षा मोठा असेल, म्हणजे ५.५ मिलिमीटरची एअरगन, किंवा ताकद २० ज्यूलच्या वर असेल तर लागतंय. इथं एक घोळ कायम होतो: ५.५ च्या एअरगनलाही लोक 'पॉइंट टू-टू' म्हणतात आणि बारूदवाल्या .२२ लाँग रायफललाही पॉइंट टू-टूच म्हणतात. दोन्ही वेगळ्या वस्तू. दुकानात विचारताना छर्रा पाहिजे का काडतूस हे आधी सांगा.

.२२ काडतूस फक्त लायसनवर, लायसनधारक डीलरकडनं, आणि घेतलेली प्रत्येक गोळी लायसनवर चढते. एका वेळी किती ठेवायच्या आणि वर्षाला किती घ्यायच्या हे लायसनवरच लिहिलेलं असतंय, त्याच्या बाहेर जायचं नाही. कुणी ओळखीचा म्हणाला, "माझ्याकडं पन्नास शिल्लक आहेत, घे," तर हात जोडून नको म्हणा. लायसनशिवाय नुसती गोळी खिशात सापडली तरी गुन्हा आहे, बंदूक असायची गरज नाही. शेतरक्षणाच्या बारा बोअरचं लायसन घरात आहे म्हणून त्याच्यावर .२२ मिळेल हाही गैरसमज, ज्या हत्याराचं लायसन त्याचीच गोळी.

नवीन माणसानं लगेच लायसनच्या मागं लागायची गरजच नाही खरं तर. मान्यताप्राप्त रायफल क्लबचं मेंबर व्हा, क्लबच्या रेंजवर, क्लबच्या रायफलवर, कोचसमोर क्लबची गोळी वापरा. कर्नाटकातल्या स्पर्धा कर्नाटक स्टेट रायफल असोसिएशनकडनं होतात आणि वर नॅशनल रायफल असोसिएशन ऑफ इंडिया आहे, जी १९५१ पासनं हे सगळं बघते. पुढं लायसन काढायचं ठरलं तर गावाकडच्यांना डीसी ऑफिस, बेळगाव शहरातल्यांना पोलीस कमिशनर ऑफिस. फॉर्म ऑनलाइन भरायचा असतो, कन्नड वाचता येत नसेल तरी अडत नाही, शेजारचा कुणी वाचून देतोच.

आणि एक, एअरगन आहे म्हणून खानापूरच्या रानात पाखरं मारत फिरायचं नाही. वन्यजीव कायदा १९७२ चा आहे आणि भीमगड अभयारण्यात परवानगीशिवाय हत्यार घेऊन शिरणं हाच मुळात गुन्हा आहे. हा लेख कागदावरच्या टार्गेटसाठी आहे.

छर्रे: डबा उघडण्याआधी काय बघायचं

१० मीटरसाठी छर्ऱ्याचं तोंड सपाट पाहिजे, त्याला वॅडकटर म्हणतात. तो कागदावर पंच मारल्यासारखं स्वच्छ गोल भोक पाडतो, स्कोर वाचायला भांडण होत नाही. टोकदार छर्रे दिसायला भारी असतात, दुकानदारही तेच आधी पुढं करतो, पण टार्गेटला त्यांचा उपयोग नाही. गोल डोक्याचा छर्रा, म्हणजे डोम, हा पंचवीस मीटरच्या पुढं चांगला. सपाट तोंडाचा छर्रा लांबवर गेला की हवेत डगमगायला लागतो, म्हणून कुणी तुम्हाला १० मीटरचा मॅच छर्रा ५० मीटरला मारून "बघ, रायफल खराब आहे" म्हणाला तर रायफल ठीक आहे, छर्रा चुकीच्या अंतरावर आहे.

डब्यावर दोन आकडे बघा. एक वजन: रायफलसाठी साधारण ०.४९ ते ०.५३ ग्रॅम, पिस्तूलसाठी थोडा हलका. दुसरा डोक्याचा व्यास: ४.४९, ४.५०, ४.५१ असं लिहिलेलं असतंय, स्वस्त डब्यांवर बऱ्याचदा नसतंयच. शंभरावा भाग मिलिमीटरनं काय फरक पडतोय असं वाटेल, पण एखाद्या बॅरलला ४.४९ आवडतो आणि त्याच कंपनीचा ४.५१ त्यात पसरतो. का ते बाहेरून बघून कळत नाही, मारूनच कळतंय.

नावांचं म्हणाल तर आरडब्ल्यूएस आणि एच अँड एन हे जर्मन, जेएसबी चेक, आणि चायनाचेही मॅच छर्रे चालतात. प्रत्येकाच्या दोन-तीन पायऱ्या असतात. आरडब्ल्यूएसचं उदाहरण घेतलं तर आर टेन हा वरचा, माइस्टरकुगेल्न मधला, आणि बेसिक किंवा हॉबी खालचा. माझं मत विचाराल तर नवशिक्यानं मधल्या पायरीवर थांबावं. सगळ्यात खालच्या डब्यात आकाराचा फरक जास्त असतो, आणि मग गोळी वाकडी गेली का हात हलला हेच कळत नाही, शिकणाऱ्यासाठी ही सगळ्यात वाईट अवस्था. सगळ्यात वरच्यावर पैसे घालण्यात मात्र काही राम नाही, ते का हे पुढं हिशोबात येतंय.

डबा आणला की लगेच बॅगेत आपटत रेंजवर नेऊ नका. शिसं मऊ असतंय, छर्ऱ्याच्या मागची पातळ कड, जिला स्कर्ट म्हणतात, ती चेमटली की तो छर्रा गेला. डब्यात वरती स्पंजचा तुकडा ठेवा म्हणजे छर्रे एकमेकांवर आदळत नाहीत. काढताना काचेच्या तुकड्यावर हळूच घरंगळवा, चांगला छर्रा एकसारखा वळण घेतो, चेमटलेला लंगडतो. लंगडे बाजूला काढा, ते रायफल साफ झाल्यावर बॅरल बसवायला मारायचे. तळाला शिशाचा भुगा असेल तर छर्रे जाळीदार गाळणीत हलक्या हातानं हलवून घ्या, मात्र ती गाळणी परत चहाला वापरायची नाही. शिसं विषारी आहे. छर्रे तोंडात धरायची सवय लई जणांना असते, ती आजच सोडा, आणि रेंजवर बेळगावचा गोड कुंदा वाटायचा असेल तर आधी साबणानं हात धुवा, नुसतं रुमालाला पुसून चालत नाही.

.२२ च्या बॉक्सवर काय वाचायचं

आता ५० मीटर. गोळी .२२ लाँग रायफल, रिमफायर, म्हणजे पेटवणारा मसाला (प्रायमर) काडतुसाच्या बुडाच्या कडेत, रिममध्ये, असलेली. बॉक्समध्ये ५०, दहा बॉक्सची एक ब्रिक म्हणजे ५००, आणि दहा ब्रिकची पेटी ५०००. बॉक्सवर मोठ्या अक्षरातलं नाव सोडा, तीन गोष्टी वाचा: वजन, वेग, लॉट नंबर (लॉट म्हणजे कारखान्यात एका खेपेला बनलेला माल).

वजन बहुतेक सगळ्या टार्गेट गोळ्यांचं ४० ग्रेन असतंय, तिथं डोकं चालवायचं नाही. वेगात मात्र लोक फसतात. हाय व्हेलॉसिटी लिहिलेलं असेल तर ती ठेवून द्या. टार्गेटची गोळी स्टँडर्ड व्हेलॉसिटी असते, सेकंदाला साधारण ३२० ते ३३० मीटर, म्हणजे आवाजाच्या वेगाच्या किंचित खाली. हाय व्हेलॉसिटी ३७५ च्या आसपास सुटते, आणि टार्गेटपर्यंत जाताना आवाजाच्या वेगाजवळ येऊन खाली उतरते, त्या टप्प्यात हवेचा विरोध लई वाढतो आणि गोळी बिथरते. गंमत म्हणजे जोरात सुटूनही वाऱ्यानं ती संथ गोळीपेक्षा जास्त ढकलली जाते. नवीन पोरांना हे पटत नाही, जोरात गेली की सरळ जाणार असं वाटतंय. आपल्याकडं पावसाळ्याच्या तोंडाला पश्चिमेकडनं वारं सुटलं की मग पटतंय. ताशी १५-१६ किलोमीटरच्या आडव्या वाऱ्यात ५० मीटरवर स्टँडर्ड गोळी सुद्धा अडीच-तीन सेंटीमीटर सरकते, म्हणजे दहातनं सरळ सात-सहात.

वेग किती आहे ह्याच्यापेक्षा प्रत्येक गोळीचा वेग किती सारखा आहे हे महत्त्वाचं. एका गोळीचा वेग दुसरीपेक्षा सेकंदाला १० मीटरनं कमी असेल तर ५० मीटरवर ती साधारण ७ मिलिमीटर खाली बसते. टार्गेटवर एक रिंग ८ मिलिमीटरची. म्हणजे तुम्ही काहीच चूक केली नाही आणि एक पॉइंट गेला. १०० मीटरवर हाच फरक तीन सेंटीमीटर होतो. महाग गोळीत तुम्ही जे पैसे देता ते ह्या सारखेपणाचे. बारूद मोजून भरणं, प्रायमर रिममध्ये एकसारखं पसरणं, मेणाचा थर सारखा असणं, आणि मग कारखान्यात मारून बघून चांगला लॉट वरच्या नावाच्या बॉक्समध्ये, साधा लॉट खालच्या नावाच्या बॉक्समध्ये. बऱ्याच कंपन्यांचं असंच चालतंय, मशीन तीच, निवड वेगळी. म्हणूनच कधीकधी खालच्या नावाचा एखादा लॉट तुमच्या बॅरलमध्ये वरच्यासारखा चालतो, आणि नवशिक्याचं नशीब तिथंच उघडतंय.

बाजारात दिसणाऱ्या नावांचा अंदाज देतो. आपल्या देशातली म्हणजे केएफ, पुण्याजवळच्या खडकीच्या अॅम्युनिशन फॅक्टरीची. ही फॅक्टरी १८६९ ची, २०२१ पासनं म्युनिशन्स इंडिया लिमिटेडखाली आहे. एनसीसीत ज्यांनी .२२ डिलक्स रायफल मारली त्यांना काडतुसाच्या बुडाला ही अक्षरं ओळखीची असतील. सुरुवातीचं शिक्षण, म्हणजे पोझिशन, ट्रिगर, बोल्ट चालवायची शिस्त, ह्यासाठी ती पुरते. त्यावर परदेशी साध्या पायरीत एसके स्टँडर्ड प्लस, एली क्लब, आरडब्ल्यूएस टार्गेट रायफल. मधली पायरी एसके रायफल मॅच, एली टीम, लापुआ सेंटर-एक्स. आणि वरची एली टेनेक्स, लापुआ मिडास प्लस, आरडब्ल्यूएस आर-फिफ्टी. भाव इथं लिहीत नाही, परदेशी माल आयात होऊन येतो, डीलरगणिक आणि महिन्यागणिक फरक असतो. भाव विचारताना बॉक्सचा विचारू नका, ब्रिकचा विचारा आणि ५०० नं भागा, म्हणजे एका गोळीचा खरा आकडा हातात येतो.

महाग गोळी तुम्हाला किती पॉइंट देईल, हा हिशोब आधी करा

सगळ्यात जास्त पैसे इथं वाचतात म्हणून जरा सावकाश वाचा.

टार्गेटवरचा ग्रुप, म्हणजे भोकांचा पुंजका, दोन गोष्टींनी पसरतो, एक तुमचा हात, दुसरी गोळी आणि रायफल. ह्या दोन पसरण्यांची सरळ बेरीज होत नाही, वर्गांची बेरीज करून वर्गमूळ काढायचं, शाळेतला पायथागोरस. समजा तुमच्या हाताचा पसारा ५० मीटरवर ४० मिलिमीटर आहे, नवशिक्याचा एवढा असणं अगदी साहजिक आहे. साध्या गोळीचा पसारा २० धरा. ४० चा वर्ग १६००, २० चा ४००, बेरीज २०००, वर्गमूळ साधारण ४५. आता महागडी गोळी घेतली, तिचा पसारा १२. १६०० अधिक १४४, वर्गमूळ साधारण ४२. कितीतरी पट पैसे देऊन ग्रुप ४५ चा ४२ झाला. कागदावर हा फरक दिसतसुद्धा नाही.

आता सराव करून तुमचा हात १५ मिलिमीटरवर आला असं धरा. साध्या गोळीनं २२५ अधिक ४००, वर्गमूळ २५. महागड्या गोळीनं २२५ अधिक १४४, वर्गमूळ १९ च्या वर. आता फरक सहा मिलिमीटरचा आहे, तोही एवढ्या छोट्या ग्रुपमध्ये, आणि आता तो दहा आणि नऊच्या मधला फरक आहे. म्हणजे आधी तेच पैसे जास्त गोळ्या मारण्यात घालवा, हात १५ वर आणा, मग गोळी बदला. दुकानदार हे सांगणार नाही, त्याचा धंदा आहे, आपण त्याला दोष द्यायचा नाही.

हाताचा पसारा मोजायचा कसा? पोझिशनमध्ये मारलेला ग्रुप आणि सँडबॅगवर टेकवून मारलेला ग्रुप, दोन्ही मोजा. टेकवून जो येतो तो साधारण गोळी-रायफलचा. पोझिशनमधला त्याच्या दुप्पट किंवा जास्त असेल तर अजून गोळीचा विचार करायचा नाही, कोचकडं जायचं.

टेस्ट कशी घ्यायची

एका प्रकाराला एक बॉक्स, म्हणजे ५०. तीन प्रकार निवडा, त्याहून जास्त नको. सकाळी लवकर, वारं उठायच्या आधी रेंजवर जा, आपल्याकडं दहा वाजल्यानंतर ह्या टेस्टला अर्थ राहत नाही. रायफल सँडबॅगवर, पुढं आणि मागं दोन्हीकडं आधार, साईटला हात लावायचा नाही, ग्रुप मधोमध नाही आला तरी चालतंय, फक्त एकत्र आला पाहिजे.

प्रत्येक प्रकाराच्या पहिल्या पंधरा-वीस गोळ्या मोजायच्याच नाहीत. .२२ च्या गोळीला मेण किंवा ग्रीस लावलेलं असतंय आणि प्रत्येक कंपनीचं वेगळं. आधीच्या ब्रँडचं मेण बॅरलमधनं जाऊन नव्याचा थर बसेपर्यंत गोळ्या इकडंतिकडं जातात. लई जण इथंच चुकीचा निकाल काढतात, पाच गोळ्या मारतात, पसरल्या की "ही गोळी भंगार" म्हणून पुढचा बॉक्स उघडतात, आणि त्याच्या पाच गोळ्या आधीच्या मेणावर मारतात.

मग उरलेल्या तीसमध्ये दहा-दहाचे तीन ग्रुप. तीन-तीन गोळ्यांचे छान ग्रुप फोटोसाठी असतात, त्यातनं काही सिद्ध होत नाही, कारण तीन गोळ्या नशिबानं पण एका भोकात जातात. दहाचा ग्रुप खोटं बोलत नाही. मोजताना सगळ्यात लांबच्या दोन भोकांच्या बाहेरच्या कडा मोजा आणि त्यातनं ५.६ मिलिमीटर वजा करा, म्हणजे मध्यापासून मध्यापर्यंतचं अंतर येतंय. छर्ऱ्यासाठी ४.५ वजा करायचे. तीन ग्रुपची सरासरी काढा आणि शेजारी सगळ्यात वाईट ग्रुपही लिहा. निवड करताना मी वाईट ग्रुपकडं आधी बघतो. ज्या गोळीचा वाईट ग्रुपसुद्धा सहन होतोय ती शिकायला चांगली, कारण तिच्यात अचानक उडणारी गोळी, म्हणजे फ्लायर, कमी.

प्रत्येक टार्गेटच्या मागं तारीख, रायफल, गोळीचं नाव, लॉट नंबर, हवा हे पेन्सिलनं लिहा. लॉट नंबर विसरलात तर टेस्ट वाया, कारण नाव तेच आणि लॉट वेगळा असेल तर ती जवळजवळ दुसरीच गोळी. जगातले मोठे नेमबाज आपली रायफल घेऊन थेट कंपनीच्या टेस्ट रेंजवर जातात आणि लॉट निवडून आणतात, आपण तेच बेळगावच्या मानानं करायचं.

छर्ऱ्याची टेस्ट ह्याहून स्वस्तात होते. क्लबात चार-पाच जणांकडं चार-पाच डबे असतात, प्रत्येकाकडनं तीस-चाळीस छर्रे मागा, कुणी नाही म्हणत नाही. .२२ चं मात्र असं देणंघेणं करायचं नाही, तिथं क्लबच्या रजिस्टरवर जे चढतंय तेवढंच.

खरेदी: एकदा, एकाच लॉटची

टेस्टमध्ये जिंकलेली गोळी त्याच लॉटची, लायसनवर बसेल आणि खिशाला झेपेल तेवढी एकदम घ्या. महिन्याचा अंदाज असा: १० मीटरची स्पर्धा ६० शॉटची, ५० मीटर प्रोनही ६०, आणि थ्री पोझिशनही आता २०-२०-२० म्हणजे ६०. आठवड्यातनं दोनदा साठ-साठ मारले तर महिन्याला ४८०. म्हणजे छर्ऱ्याचा ५०० चा डबा किंवा .२२ ची एक ब्रिक. ह्यापेक्षा जास्त मारून नवशिक्याला फायदा होतोच असं नाही, थकलेल्या हातानं मारलेल्या गोळ्या चुकीच्या सवयी लावतात. बाकीचे दिवस ड्राय फायर, रिकाम्या रायफलीवर ट्रिगरचा सराव, पैसे शून्य. फक्त स्प्रिंगच्या एअर रायफलीवर छर्ऱ्याशिवाय ट्रिगर ओढायचा नाही, पिस्टन आदळून खराब होतो, आणि .२२ वर करायचं का हे त्या रायफलीचं बघून कोचला विचारा, काही रायफलींत फायरिंग पिन चेंबरच्या कडेवर आपटते.

कोल्हापूरला किंवा पुण्याला बालेवाडीला सरावाला जाणाऱ्यांनी लायसनची हद्द आधी तपासा. लायसन फक्त कर्नाटकापुरतं असेल तर कोगनोळी नाका ओलांडला की तुमची रायफल आणि गोळ्या दोन्ही बेकायदा. ऑल इंडिया व्हॅलिडिटी करून घ्या, नाहीतर प्रवासाचा परवाना काढा. आपल्यासारख्या सरहद्दीवरच्या लोकांना हे लक्षात येत नाही, कारण आपण भाजी आणायलासुद्धा नाका ओलांडतो. जाताना रायफल रिकामी, बोल्ट काढलेला, गोळ्या वेगळ्या कुलपात, आणि लायसनची मूळ प्रत जवळ. निवडणुकीच्या वेळी हत्यारं ठाण्यात जमा करायचा हुकूम निघतो, खेळाडूंना सवलत मिळू शकते पण ती आपोआप लागू होत नाही, अर्ज करून लेखी घ्यावी लागते.

ठेवायचं कुठं? खानापूर-जांबोटी पट्ट्यात पावसाळ्यात कपाटातल्या चपलांना बुरशी येते तिथं गोळीचं काय होत असेल. हवाबंद डबा, आत सिलिका जेलच्या पुड्या, कुलूप, आणि रायफलीपासून वेगळं. फ्रिजमध्ये नको, बाहेर काढली की पाणी सुटतं. गाडीच्या डिकीत उन्हात तर अजिबात नको, तापलेल्या गोळीचा वेग बदलतो आणि मेण वितळतं. छर्ऱ्यांवर पांढरी पूड दिसली तर शिसं हवेनं खराब झालंय, ते टाकून द्या, बॅरलमध्ये घालू नका.

स्वस्त गोळीबरोबर येणारे दोन धोके

पहिला मिसफायर. ट्रिगर ओढला, क्लिक झालं, गोळी नाही सुटली. रायफल टार्गेटकडंच धरा, हात वर करा, निदान तीस सेकंद थांबा, मग कोचच्या सांगण्यावरून बोल्ट उघडा. काहीवेळा बारूद उशिरा पेटतो. ती गोळी परत घालून मारायचा हट्ट करू नका.

दुसरा जास्त वाईट. आवाज नेहमीसारखा न येता फुस्स येतो आणि टार्गेटवर भोक नाही. तेव्हा गोळी बॅरलमध्येच अडकलेली असू शकते. लगेच थांबा. पुढची गोळी घातली तर बॅरल फुगते किंवा फाटते. रायफल रिकामी करून बॅरल आरपार दिसतेय का ते कोचकडनं तपासून घ्या. एका बॉक्समध्ये असं दोनदा झालं तर तो लॉटच बाजूला ठेवा, कितीही स्वस्त असला तरी. आणि पैसे वाचवायला रिकामी काडतुसं भरून वापरायचे उद्योग कुणी सुचवले तर ऐकू नका, रिमफायरमध्ये ते जमत नाही आणि लायसनशिवाय गोळी बनवणं हा वेगळाच गुन्हा.

रेंजबाहेर, उसाच्या फडाकडं तोंड करून .२२ मारणं हेही त्यातलंच. ऊस गोळी अडवत नाही, आणि ही एवढीशी गोळी दीड-दोन किलोमीटर जाऊ शकते, तिकडं कुणाचं तरी घर असतंयच.

वरच्या गोळीवर कधी जायचं

सँडबॅगवरचा ग्रुप आणि प्रोनमधला ग्रुप जवळजवळ सारखे यायला लागले की. तेव्हा सांगता येतंय की आता हात पुढं आहे आणि गोळी मागं. त्याआधी जिल्हा-राज्य स्पर्धा आली म्हणून आदल्या आठवड्यात महागडा बॉक्स आणणं हा लई जुना रोग आहे. नवं मेण, नवा झिरो (गोळी मधोमध बसावी म्हणून साईटची जुळणी), साईटचे क्लिक वेगळे, आणि मॅचच्या दिवशी साइटर शॉट (स्कोरच्या आधीचे, साईट जुळवायचे शॉट) संपेपर्यंत तुम्ही फक्त शोधत बसता. बदलायचंच तर स्पर्धेच्या निदान महिनाभर आधी, वरच्या दोन लॉटची वर सांगितली तशीच टेस्ट घेऊन.

जुन्या गोळ्या उरल्या तर त्या साइटरसाठी वापरून नव्या स्कोरसाठी ठेवायची कंजुषी करू नका, दोन्हींचा झिरो वेगळा असतो, साइटर ज्या गोळीचा त्याच गोळीचा स्कोर. उरलेल्या जुन्या गोळ्या सरावाला वापरा, पण बॅरलमध्ये एका दिवशी एकच ब्रँड.